पाळी जाण्याच्या वयात अंगावरून जास्त जाते तेव्हा



या तिमाहीचा आरोग्यपाठ चाळिशी ओलांडलेल्या आपल्या बहिणींसाठी आहे. पण तो घरातल्या पुरुषांनीही वाचावा अशी विनंती आहे. दवाखान्यात न्यायचे की नाही, पैसे कधी काढायचे, शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करायची की नाही, हे अजूनही बहुतेक घरांत पुरुषच ठरवतात.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत, राहुरी-संगमनेरकडील भिल्ल वस्त्यांत आणि पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंबांत या विषयावर दोन वाक्ये नेहमी ऐकू येतात. पहिले असे, "पाळी जायच्या वयात असं व्हायचंच, सोसायचं." दुसरे असे, "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल." पहिल्या वाक्यामुळे बाई वर्षानुवर्षे रक्त गमावत राहते. दुसऱ्यामुळे तपासणी न होताच तिच्यावर मोठी शस्त्रक्रिया होते. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. आधी कारण शोधायचे, मग त्या कारणावर उपचार करायचा. हा मार्ग समजून घेणे हा आजच्या पाठाचा हेतू आहे.

१. हे वय कोणते?

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे पाळी गेली असे म्हणतात. यालाच रजोनिवृत्ती म्हणतात. भारतीय स्त्रियांत हे साधारण ४६-४७ व्या वर्षी घडते. काहींची पाळी ४२ व्या वर्षी जाते, तर काहींची ५२ व्या.

पाळी एका दिवसात बंद होत नाही. त्याआधी काही वर्षे तिची लय बिघडते. हा काळ बहुतेकींना चार-पाच वर्षांचा असतो, काहींना त्याहून मोठा. सुरुवातीला दोन पाळ्यांमधील अंतर सात दिवसांनी किंवा त्याहून अधिक पुढेमागे होऊ लागते. एकदा २४ दिवसांनी येते, पुढच्या वेळी ३५ दिवसांनी. नंतर दोन-दोन महिने पाळी येतच नाही आणि आली की खूप जाते. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम येणे, झोप उडणे, चिडचिड होणे हेही याच काळात सुरू होते. हा आजार नव्हे. आयुष्यातला हा एक टप्पा आहे. मात्र या टप्प्यावर होणारा प्रत्येक रक्तस्राव साधाच असतो असे मानणे धोक्याचे आहे.

२. शरीरात नेमके काय चालते?

पाळीचे सर्व काम संप्रेरकांच्या, म्हणजे आपण ज्यांना हार्मोन म्हणतो त्यांच्या, आधारे चालते. त्यांपैकी तीन नावे लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले.

पहिले इस्ट्रोजेन. ते अंडाशयात तयार होते आणि गर्भाशयाचे आतले अस्तर वाढवते. दुसरे प्रोजेस्टेरॉन. बीज बाहेर पडल्यानंतरच अंडाशयात ते पुरेसे तयार होते, आणि वाढलेल्या अस्तराला घट्ट व पक्के करते. गर्भ राहिला नाही तर दोन्हींचे प्रमाण एकदम उतरते, अस्तर एकसारखे सुटते आणि पाळी येते. चार-पाच दिवसांत काम संपते. तिसरे एफएसएच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येते आणि अंडाशयाला "बीज तयार कर" असा निरोप देते.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत साधारण दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. चाळिशीनंतर हा साठा झपाट्याने कमी होतो. साठा कमी झाला की अंडाशय निरोपाला नीट उत्तर देत नाही, म्हणून मेंदूकडून एफएसएच अधिक सोडले जाते. त्या रेट्याने एखाद्या महिन्यात अंडाशय नेहमीपेक्षा जास्त इस्ट्रोजेन तयार करते, पण बीज काही बाहेर पडत नाही. बीज पडले नाही म्हणून प्रोजेस्टेरॉनही नाही.

याचा परिणाम आपल्या डांगाणातल्या शेतकऱ्याला चटकन समजेल. भाताला खत आणि पाणी भरपूर मिळाले, पण पीक वेळेवर भरून पक्व झाले नाही, तर ते नुसतेच उंच वाढते आणि लोळते. तसे इस्ट्रोजेनमुळे अस्तर वाढत राहते, पण प्रोजेस्टेरॉन नसल्याने पक्के होत नाही. मग ते एकसारखे न सुटता आज इथून, उद्या तिथून तुटत राहते. दोन महिने पाळी नाही, आणि मग पंधरा-वीस दिवस थांबत नाही, गाठी पडतात. या वयातल्या अनियमित रक्तस्रावाचे हे नेहमी आढळणारे कारण आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "हार्मोन कमी झाले म्हणून जास्त जातं," असे सरसकट म्हटले जाते. सुरुवातीच्या वर्षांत इस्ट्रोजेन बहुधा कमी नसते. ते कधी नेहमीइतके, कधी नेहमीपेक्षा जास्त आणि बेभरवशाचे असते. उणीव असते ती प्रोजेस्टेरॉनची. इस्ट्रोजेन खरोखर उतरते ते पाळी जाण्याच्या अगदी शेवटी शेवटी. म्हणूनच कोणा शेजारणीच्या सांगण्यावरून दुकानातून "हार्मोनच्या गोळ्या" आणून खाणे धोक्याचे आहे. चुकीची गोळी वाढलेल्या अस्तराला आणखी वाढवू शकते.

३. रक्ताच्या तपासणीतला आकडा काय सांगतो?

पुष्कळ बहिणी प्रयोगशाळेचा कागद घेऊन येतात. त्यावर एफएसएचचा आकडा असतो आणि कोणीतरी सांगितलेले असते, "तुमची पाळी गेली," किंवा "तुमची पिशवी आता निकामी झाली." एका आकड्यावरून असा निर्णय देता येत नाही.

या वयात एफएसएच महिन्यागणिक, कधी आठवड्यागणिक बदलते. एका महिन्यात ते ३० च्या पुढे गेले आणि पुढच्या महिन्यात १० च्या आत आले, असे होऊ शकते. पाळी जाण्याच्या शेवटच्या टप्प्यात ते बहुधा २५ च्या वर राहते. पण चाळिशीतल्या बाईचा एखादा मोठा आकडा म्हणजे तिची पाळी कायमची गेली, असा अर्थ होत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तर २०१५ पासूनच स्पष्ट म्हटले आहे की ४५ वर्षांवरील स्त्रीत रजोनिवृत्ती ठरवण्यासाठी एफएसएचची तपासणी करू नये. वय, पाळीचा इतिहास आणि लक्षणे पुरेशी आहेत. म्हणजे बाईने स्वतः सांगितलेली हकीकत एका आकड्यापेक्षा जास्त उपयोगाची असते.

मग कोणत्या रक्ततपासण्या कामाच्या? हिमोग्लोबिन सर्वांत आधी. थायरॉइडसाठी टीएसएच, कारण थायरॉइड बिघडले तरी पाळी बिघडते. पाळी लांबली असेल तर लघवीवरची गर्भतपासणी. पंचेचाळिशीतही गर्भ राहू शकतो हे अनेकजणी विसरतात, आणि गर्भपात किंवा नळीतला गर्भ यामुळेही रक्त जाते.

४. प्रत्येक रक्तस्राव संप्रेरकांमुळेच नसतो

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिगोने, २०११ मध्ये अशा रक्तस्रावाच्या कारणांची एक यादी जगभरच्या डॉक्टरांसाठी ठरवून दिली. तिचे दोन भाग आहेत.

पहिल्या भागात डोळ्यांना किंवा सोनोग्राफीत दिसणारी कारणे येतात. अस्तरावर वाढलेला पॉलिप, गर्भाशयाच्या भिंतीत शिरलेले अस्तर, फायब्रॉइडच्या गाठी, आणि अस्तराचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग अथवा त्याआधीची स्थिती.

दुसऱ्या भागात न दिसणारी कारणे येतात. रक्त न गोठण्याचा दोष, बीज न पडणे, अस्तराचाच बिघाड, आणि औषधांचे किंवा साधनांचे परिणाम, उदाहरणार्थ तांबी, गर्भनिरोधक इंजेक्शन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.

संप्रेरकांची लय बिघडणे हे या यादीतले एक मोठे कारण आहे, पण एकमेव नाही. एकाच बाईत दोन कारणे असू शकतात. फायब्रॉइडची छोटी गाठ सोनोग्राफीत दिसली म्हणून तीच रक्तस्रावाचे कारण आहे असे नसते. बऱ्याच स्त्रियांत अशा गाठी काहीही त्रास न देता असतात आणि पाळी गेल्यावर आकसतात. तसेच "पिशवीला सूज आहे", "पिशवीचं तोंड लाल झालंय", "पिशवी जाड झालीय" ही वाक्ये म्हणजे कर्करोग नव्हे. ही वाक्ये ऐकून घाबरलेल्या बाईने एकच प्रश्न विचारावा, "डॉक्टर, याचं नेमकं कारण काय, आणि ते कोणत्या तपासणीत दिसलं?"

५. किती म्हणजे जास्त?

पाळी साधारण २४ ते ३८ दिवसांनी यावी आणि आठ दिवसांच्या आत थांबावी. एका पाळीत ८० मिलिलीटरपेक्षा अधिक रक्त गेले तर ते जास्त मानतात. ८० मिलिलीटर म्हणजे टपरीवरचा एक छोटा कप चहा. दिसायला हे थोडे वाटते. पण एक मिलिलीटर रक्तात जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे त्या कपाबरोबर सुमारे ४० मिलिग्रॅम लोह गेले. आपले शरीर रोजच्या अन्नातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषते. दर महिन्याला असे होत राहिले तर शिल्लक संपते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणजे जास्त रक्तस्राव सुरू होण्याआधीच निम्म्याहून अधिक जणींची शिल्लक तुटपुंजी असते. नाचणी-भात आणि थोडी डाळ यांवर डोंगर चढणारी, पाणी वाहणारी बाई दमते, तिला धाप लागते, छाती धडधडते, आणि घरचे म्हणतात, "वय झालं." वय हे कारण नसते. रक्तातले लोह संपलेले असते.

मोजण्यासाठी महाग साधन लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेला टिंब करा. थोडे गेले तर एक टिंब, नेहमीसारखे तर दोन, कपडा पुन्हा पुन्हा बदलावा लागला किंवा गाठी पडल्या तर तीन. ज्या बहिणीला लिहिता येत नाही तिलाही हे जमते. तीन महिन्यांची अशी पाने डॉक्टरांपुढे ठेवली तर कारण शोधण्याचे काम पुष्कळ सोपे होते.

पुढील खुणा दिसल्या तर थांबू नका:

• तासाला एक कपडा किंवा पॅड भिजणे आणि हे काही तास चालणे. चक्कर किंवा अंधारी येणे. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा.
• आठ दिवसांहून जास्त जाणे, किंवा तीन आठवड्यांच्या आत पुन्हा येणे.
• दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडणे.
• पती-पत्नीच्या संबंधानंतर रक्त जाणे.
• पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, मग ते एकच थेंब का असेना. "पाळी परत आली" असे समजून आनंद मानू नका. याची तपासणी झालीच पाहिजे, कारण अस्तराच्या कर्करोगाची ही पहिली खूण असू शकते.

६. तपासणीचा क्रम

रुग्णालयात गेल्यावर साधारण असा क्रम असावा. आधी हकीकत, मग वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, गरजेप्रमाणे गर्भतपासणी आणि टीएसएच. त्यानंतर आतून तपासणी. ही तपासणी टाळू नये. गर्भाशयमुखावरची जखम किंवा गाठ सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही, डोळ्यांनी दिसते. ३० वर्षांवरील स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी व्हिनेगरसारख्या पातळ द्रावणाने करतात. सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात ती पाच वर्षांतून एकदा अपेक्षित आहे.

नंतर सोनोग्राफी. वय ४५ किंवा अधिक असेल, अथवा वय कमी असूनही वजन खूप, मधुमेह किंवा बराच काळ अनियमित रक्तस्राव असेल, तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासतात. अनेकदा हे भूल न देता काही मिनिटांत होते. या तपासणीने कर्करोग आहे की नाही, हा मनातला सर्वांत मोठा प्रश्न बहुधा सुटतो. कर्करोगाच्या भीतीने पिशवी काढण्यापूर्वी ही तपासणी झाली आहे का, हे अवश्य विचारावे.

७. उपचाराच्या पायऱ्या

पहिली पायरी, रक्त भरून काढणे. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके महिने घ्याव्यात. चहाबरोबर घेऊ नयेत, कारण चहा लोह शोषू देत नाही. लिंबू किंवा आवळ्याबरोबर घेतल्यास जास्त शोषले जाते. शौचाला काळे होते म्हणून गोळ्या सोडू नका, तो गोळीचाच रंग असतो. घरात सिकलसेलचा आजार असेल तर गोळ्या सुरू करण्याआधी तसे सांगावे. हिमोग्लोबिन फारच खाली गेले असेल तर शिरेतून लोह किंवा रक्त द्यावे लागते.

दुसरी पायरी, बिनसंप्रेरकाची औषधे. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या पाळीच्या जड दिवसांतच घ्यायच्या असतात, आणि त्यांनी रक्तस्राव जवळजवळ निम्म्यापर्यंत कमी होतो. ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गाठ अडकली होती त्यांनी त्या घेऊ नयेत. मेफेनॅमिक आम्लाने वेदना आणि रक्तस्राव दोन्ही कमी होतात.

तिसरी पायरी, संप्रेरकांचा तोल सावरणे. जे उणे आहे ते प्रोजेस्टेरॉन गोळ्यांच्या रूपाने ठरलेल्या दिवसांत देतात. गोळ्या बंद केल्यावर अस्तर एकसारखे सुटते. गर्भाशयात बसवायचे प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक सोडणारे साधनही मिळते. ते दिसायला तांबीसारखे असले तरी काम उलटे करते. तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, याने तो बहुतेकींत नव्वद टक्क्यांपर्यंत कमी होतो, आणि ते पाच वर्षे व त्याहून अधिक चालते. सुरुवातीचे तीन ते सहा महिने थोडे थोडे डाग पडत राहतात. हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरून ते काढून घेते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेले ऑर्मेलॉक्सिफेन हे औषध भारतात अशा रक्तस्रावावरही वापरतात. सरकारी केंद्रांत "छाया" नावाने मिळणारी गर्भनिरोधक गोळी तीच. पण रक्तस्रावासाठी तिची मात्रा वेगळी असते, म्हणून ती मनाने सुरू करू नये.

चौथी पायरी, छोट्या प्रक्रिया. पॉलिप दुर्बिणीतून काढता येतो. काहींचे अस्तर उष्णतेने जाळून बंद करता येते.

शेवटची पायरी म्हणजे गर्भाशय काढणे. कर्करोग असेल, गाठी फार मोठ्या असतील, औषधे नीट घेऊनही रक्तस्राव थांबत नसेल आणि बाईने सर्व समजून घेऊन तसे ठरवले असेल, तर ही शस्त्रक्रिया योग्यच आहे. ती जीव वाचवते. ज्या बहिणींची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी मनात अपराधी भाव ठेवू नये. आक्षेप शस्त्रक्रियेवर नाही. तिला पहिली पायरी बनवण्यावर आहे.

८. शेजारच्या जिल्ह्याने काय शिकवले?

१९५०-५१ च्या हंगामात आपल्या प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि ऊस हा या जिल्ह्याचा मोठा व्यवसाय बनला. त्या उसाला कोयता लावायला पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक "कोयता". मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडाले की "खाडा" धरतात आणि पैसे कापतात. पाळीच्या चार दिवसांत खोपीवर ना आडोसा असतो, ना पाणी, ना विश्रांती.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चर्चा राज्यभर झाली. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा जणींत एक. त्याआधीच्या राष्ट्रीय पाहणीत (२०१५-१६) देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण दर शंभरात सुमारे तीन होते. बीडच्या या स्त्रियांत चाळिशीही न गाठलेल्या अनेक जणी होत्या. पाळीच बंद झाली की खाडा नाही, हा हिशेब गरिबीने त्यांच्यापुढे ठेवला होता. त्यात कर्करोगाची भीती घातली गेली.

लहान वयात गर्भाशय काढताना अंडाशयेही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात नाहीसे होते. हाडे ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो, वाफा आणि झोप न येणे एकदम सुरू होते. अंडाशये ठेवली तरी त्यांचे काम काही स्त्रियांत नेहमीपेक्षा लवकर थांबते. ज्या बाईला पुढची वीस वर्षे ओझी उचलायची आहेत तिच्यासाठी ही किंमत फार मोठी आहे.

पुढे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. म्हणजे आधी औषधोपचार, मग शस्त्रक्रिया, हा आता केवळ सल्ला राहिलेला नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा बाईचा हक्क आहे. जीव धोक्यात नसेल तर दोन आठवडे थांबून ते मत घेण्याने काही बिघडत नाही.

९. मंडळीने काय करावे?

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त आठ टक्के होत्या. दुखणे होते, पण ते विचारणारे कोणी नव्हते.

विचारणारे कोणी असले तर काय घडते ते आपल्याच जिल्ह्यात दिसले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. गावाने निवडलेल्या साध्या स्त्रियांना, त्यांतल्या अनेक निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. १९७९ मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामाने दाखवून दिले की लक्षण ओळखणे, धीर देणे आणि योग्य वेळी रुग्णालयात पाठवणे गावातली बाई उत्तम करू शकते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली बाई आपल्या सर्वांना परिचित आहे. बारा वर्षे रक्तस्राव, पुष्कळ वैद्य, सगळा पैसा संपलेला, आणि दुखणे वाढलेलेच. मोशेच्या नियमाप्रमाणे ती विटाळलेली, म्हणून गर्दीत मागून आलेली. प्रभूने तिला बरे केले, पण तेवढ्यावर तो पुढे गेला नाही. घाईचे काम बाजूला ठेवून तो थांबला, तिची सारी हकीकत ऐकून घेतली, आणि सर्वांदेखत तिला मुलगी म्हणून हाक मारली. बरे करणे आपल्या हाती नसेल, थांबणे आणि ऐकणे आहे.

म्हणून प्रत्येक मंडळीच्या महिला मंडळाने या तिमाहीत एवढे करावे. चाळिशीपुढच्या बहिणींना कॅलेंडरवर टिंबे करायला शिकवावे. आशाताई किंवा परिचारिकाबाईंना बोलावून सर्वांचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. घाटघर-रतनवाडीसारख्या लांबच्या गावांतून तालुक्याला एकटीने जाणे अवघड असते, तेव्हा सोबत जाणारी एक बहीण ठरवावी. कामासाठी नारायणगाव-जुन्नरकडे किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींची तपासणी निघण्याआधी व्हावी आणि कागदपत्रे त्यांच्याबरोबर द्यावीत. आपण पाठवलेल्या देणगीतला प्रवासखर्च, अस्तराची तपासणी आणि लोहाची औषधे यांसाठीचा वाटा छोटा दिसतो, पण एखाद्या बाईची शस्त्रक्रिया त्याने टळते, आणि जिला खरोखर कर्करोग आहे तिला वेळेवर उपचार मिळतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. पाळी जाण्याच्या सुरुवातीच्या वर्षांत कोणत्या संप्रेरकाची उणीव असते, आणि त्यामुळे अस्तराचे काय होते?
२. एफएसएचच्या एका आकड्यावरून पाळी गेली असे का ठरवता येत नाही?
३. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्त दिसले तर काय करावे?
४. पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या बहिणीने डॉक्टरांना कोणते तीन प्रश्न विचारावेत? ते गटात मिळून लिहून काढा.
५. आपल्या वस्तीत पाळीच्या दिवसांत बाईला विश्रांती मिळते का? नसेल, तर ती मिळावी म्हणून घरातील पुरुष काय करू शकतात?

हा पाठ माहितीसाठी आहे. औषध मात्र डॉक्टरांना दाखवूनच घ्यावे.